उत्सवाचे तारण

दिनदर्शिकेत आता मोकळा चौकोन सापडणे कठीण झाले आहे. पूर्वी एकादशी, चतुर्थी, प्रदोष आणि दुधाचा खाडा एवढ्यांत भिंतीवरच्या पानाचे भागत असे. आता मातृदिन, पितृदिन, मैत्रीदिन, योगदिन, वाचन प्रेरणा दिन असे कितीतरी नवे पाहुणे त्या चौकोनांत येऊन बसले आहेत. त्यांतले काही परदेशी, काही सरकारी, तर काही थेट दुकानाच्या काचेतून आलेले. घरातल्या ज्येष्ठांनी कपाळाला आठी घालून 'आमच्या वेळी नव्हते हो हे असले!' म्हणावे आणि नातवंडांनी ते ऐकून न ऐकल्यासारखे करावे, हा प्रवेश बहुतेक मराठी घरांत वर्षातून दहा वेळा तरी होत असेल.

वयाने मी ज्येष्ठांत मोडतो. तरी या वादात मला ज्येष्ठांची बाजू घेववत नाही. 'जुना तो खरा, नवा तो खोटा' हा न्याय लावायचा म्हटले, तर आपल्याला बरेच काही गुंडाळून माळ्यावर टाकावे लागेल. चौकातला सार्वजनिक गणपती लोकमान्यांनी १८९३ पासून गाजवला. पुण्यात भाऊसाहेब रंगारी यांनी तो त्याच्या आदल्याच वर्षी बसवला होता, असे सांगणारेही आहेत. महाराष्ट्र दिन १९६० चा. गुढीपाडव्याच्या ज्या शोभायात्रेत आज नऊवारी नेसून मुली मोटारसायकलवर बसतात, ती डोंबिवलीत निघू लागली नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. आपल्या पणजोबांच्या पणजोबांना यातले काहीही ठाऊक नव्हते. प्रत्येक जुना सण कधीतरी पहिल्यांदा साजरा झालाच असेल, आणि त्या वर्षीही गावातल्या कोणीतरी नाक मुरडले असेलच. तेव्हा प्रश्न वयाचा नाही. मग कशाचा आहे?

हा प्रश्न मला दर फेब्रुवारीत पडतो. मी तळ्याचा. तळ्याचा म्हटले की मुंबईकर हटकून विचारतात, 'कुठल्या तळ्याचा?' तर तळा हे रायगड जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. मुंबई-गोवा महामार्गावर इंदापूरला आत वळले, की तळगडाच्या पायथ्याशी ते लागते. पुरंदरच्या तहात महाराजांनी तेवीस किल्ले दिले आणि बारा स्वतःकडे राखले; त्या बारांतला एक हा तळगड. बँकेच्या नोकरीत गावोगावच्या शाखा पालथ्या घालून, मधल्या वेळात चार कादंबऱ्या लिहून, मी निवृत्तीनंतर इथे परतलो. गावात लेखक राहतो असे एकदा कळले, की सत्तावीस फेब्रुवारीला त्याला सुट्टी मिळत नाही. त्या दिवशी मराठी भाषा गौरव दिन असतो.

कार्यक्रमाचा साचा वाचकांच्या परिचयाचा आहे. कुसुमाग्रजांच्या तसबिरीला हार. दीपप्रज्वलन, त्यात पंखा बंद करण्यासाठी दोन मिनिटांची धावपळ. मागे फलक, आणि त्यावर बहुधा 'हार्दीक शुभेच्छा', म्हणजे भाषेच्या गौरवाची सुरुवातच ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ घालून. मग ज्ञानोबा-तुकोबांची नावे घेणारे भाषण, मग अमृताशी पैज, मग आभार, मग वडापाव. सारे सज्जन, सारे प्रामाणिक. आणि तरीही घरी परतताना वाटत राहते, की आज नेमके काय झाले? उद्या अठ्ठावीस तारखेला या गावात मराठीच्या बाबतीत कालच्यापेक्षा काय वेगळे असणार आहे?

साहित्यिकाकडे याचे उत्तर नव्हते, म्हणून मी माझ्यातल्या बँकवाल्याला विचारले. कर्जाचा अर्ज समोर आला, की अर्जदाराचे घराणे किती जुने आहे हे आम्ही पाहत नसू. आम्ही तीन गोष्टी पाहत असू. तारण काय? हप्ते कोण भरणार? आणि पैसा कशासाठी वापरला जाणार? एखादा दिवसही समाजाकडे कर्जच मागत असतो. आपला वेळ, आपली वर्गणी, आपल्या मुलांचे लक्ष तो मागतो. त्यालाही हेच तीन प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

आधी तारण. आमच्याच जिल्ह्यात, महाडला, दरवर्षी २० मार्चला दूरदूरहून माणसे येतात. कोणी निमंत्रणपत्रिका धाडत नाही. १९२७ साली त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंच्या समुदायासह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. या घटनेतला एक तपशील मला नेहमी विचार करायला लावतो. कागदोपत्री ते तळे आधीच खुले झालेले होते. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना मोकळे करावेत, असे त्यात म्हटले होते. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात होते, पाणी तळ्यात होते आणि माणसे तहानलेलीच होती. त्या ठरावाला अर्थ आला तो माणसे चालत गेली आणि त्यांनी हात पाण्यात घातला तेव्हा. त्याची किंमत त्यांनी त्याच दिवशी मार खाऊन मोजली. पुढे तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, खटला चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ चा मार्च उजाडला. ज्या दिवसाखाली असे काही घडलेले आहे, त्याला सजावट लागत नाही.

भाषेच्या बाबतीतही असे तारण आहे. ढाक्यात १९५२ च्या २१ फेब्रुवारीला बंगाली भाषेच्या मागणीसाठी निघालेल्या तरुणांवर गोळीबार झाला. तिथे आजही त्या दिवशी पहाटे लोक अनवाणी चालत, हातात फुले घेऊन हुतात्म्यांच्या मिनाराशी जातात. १९९९ साली युनेस्कोने तोच दिवस आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन म्हणून जाहीर केला. पण जगाने मान्यता दिली म्हणून तो खरा झाला नाही, तो खरा होता म्हणून जगाने मान्यता दिली. आपल्या १ मेचेही तसेच. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शंभराहून अधिक माणसे प्राणांना मुकली. आमच्या महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख यांनी मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. आम्हा बँकवाल्यांत या राजीनाम्याची गोष्ट फार अभिमानाने सांगितली जाई. खुर्ची सोडणे किती जड जाते, हे ज्याने खुर्ची उबवली आहे त्यालाच कळते.

सत्तावीस फेब्रुवारीला असा रक्ताचा किंवा राजीनाम्याचा इतिहास नाही. १९१२ साली त्या दिवशी वि. वा. शिरवाडकरांचा जन्म झाला आणि २०१३ साली राज्य शासनाने तो दिवस मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा करण्याचे ठरवले. (पुष्कळजण त्याला 'राजभाषा दिन' म्हणतात, तो वेगळा, १ मेचा.) मग तारण कमी पडते का? मला तसे वाटत नाही. ज्ञानपीठ मिळवणारा हा कवी तरुणपणी नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहात सामील झाला होता. बंद दारापुढे उभे राहणाऱ्यांच्या बाजूला तो उभा राहिला, ही गोष्ट त्याच्या तसबिरीला हार घालताना आठवली तर हाराला वजन येते. त्यांच्या नावाच्या नाशिकच्या प्रतिष्ठानने 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना चालवली. पुस्तकांच्या पेट्या लोकांच्या घराजवळ जातात, आणि त्या पेट्यांसाठी माणसे वाढदिवसाच्या, स्मृतिदिनाच्या निमित्ताने देणग्या देतात. म्हणजे तारण आहे. फक्त ते तिजोरीत नुसते ठेवून भागत नाही.

इथे दुसरा प्रश्न येतो, हप्त्यांचा. वडिलांच्या ट्रंकेत मला आमच्या आळीच्या शिमग्याची एक वही सापडली. नवे पैसे येण्याच्या आधीची, म्हणजे आणे-पैच्या हिशेबातली. हिशेबनीसाच्या नजरेने मी ती वाचली आणि कादंबरीकाराच्या नजरेने पुन्हा वाचली. कोणाचे चार आणे, कोणाचे दोन नारळ, कोणाचा अर्धा शेर गूळ. एकाने पेंढ्याचे दोन भारे दिले आहेत. एका विधवेच्या नावापुढे 'शेणी एक पाटी' असे लिहिले आहे. एकाच्या नावापुढे रक्कम नाही. तिथे 'ढोल वाजविणे, सर्व दिवस' अशी नोंद आहे आणि ती जमेच्या बाजूला आहे. कोणी फार दिलेले नाही आणि कोणी काहीच दिले नाही असेही नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर खातेदार पुष्कळ आणि ठेवी लहान. असे खाते बुडत नाही. एकाच मोठ्या ठेवीदारावर चाललेल्या शाखेची झोप कशी उडते, हे मी पाहिलेले आहे.

ही वही मला फार जुनी वाटली होती. पण तिच्याहून जुनी वही तळा तालुक्यातच आहे आणि ती दगडात कोरलेली आहे. मांदाडच्या खाडीकाठी कुडा गावच्या डोंगरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत सत्ताधारी महाभोज घराण्यातल्या स्त्रिया आहेत, भिक्षुणी आहेत. पण त्यांच्याच जोडीला एक माळी आहे, एक वैद्य आहे, कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी आहे आणि चक्क एक लेखनिकही आहे. (हे वाचल्यावर कोणत्या लेखकाला आनंद होणार नाही?) कोणी लेणे दिले, कोणी पाण्याचे टाके. आणि हे सगळे कोरले आहे ते प्राकृतात, लोकांच्या भाषेत. आपली मराठी ज्या प्राकृतांच्या कुशीत वाढली, त्यांतली ही भाषा. २०२४ च्या ३ ऑक्टोबरला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा आपण पेढे वाटले, ते योग्यच झाले. परंतु त्या दर्जाच्या मुळाशी काय आहे, हे पाहायला तळेकरांनी दिल्लीकडे पाहायची गरज नाही. आपल्या भाषेत आपले नाव आणि आपला धंदा लिहून, ऐपतीप्रमाणे सार्वजनिक कामात भर घालणारा तो माळी पाहिला तरी पुरे.

आजच्या फलकांवर वर्गणीदारांची नावे नसतात, एका सौजन्याचे नाव असते. खाली आठ-दहा हसरे चेहरे आणि एक दाढी. २०२५ साली शासनाने सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. सरकारने उत्सवाला हात द्यावा, यात गैर काही नाही. पण दुसऱ्याच्या खर्चाने झालेल्या उत्सवात माणूस नकळत प्रेक्षक होतो. कोकणातला घरचा गणपती अजून टिकून आहे, कारण तिथे प्रेक्षक व्हायला जागाच नाही. मुंबईचा चाकरमानी रात्रभर एस्टीत किंवा महामार्गाच्या खड्ड्यांत हाडे खिळखिळी करून येतो, वर्षभर बंद असलेल्या घराचे कुलूप काढतो, कोळिष्टके झाडतो, माटी बांधायला रानातून कांगण्या-कवंडळे आणतो. पाच दिवस ते घर नांदते. गणपतीच्या दिवसांत आमच्या गावात किती खिडक्यांतून उजेड दिसतो आणि नंतर किती खिडक्या अंधाऱ्या होतात, हे मोजले म्हणजे सण या शब्दाचा अर्थ कळतो. तो वरून कितीही नटला तरी आत एक बंद दार उघडत असतो.

आता तिसरा प्रश्न, विनियोगाचा. अमेरिकेत ॲना जार्व्हिस नावाची एक बाई होऊन गेली. आईच्या स्मरणार्थ तिने १९०८ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टन गावच्या चर्चमध्ये प्रार्थना घडवून आणली, आणि चिकाटी अशी, की १९१४ साली राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी मातृदिनाची घोषणा केली. दिवस खराच होता. पण पुढे फुलवाले, मिठाईवाले आणि भेटकार्डवाले आले. मुलाने आईला स्वतःच्या हाताने पत्र लिहावे, ही तिची इच्छा; तिथे छापील कार्डावर नुसती सही करून पाठवणे सुरू झाले. ज्या दिवसासाठी तिने आयुष्य वेचले, त्याच दिवसाच्या बाजाराविरुद्ध ती पुढे भांडत राहिली आणि १९४८ साली एका आरोग्यधामात वारली. तिच्या बाबतीत तारण चोख होते. बिघडला तो विनियोग. पत्राच्या जागी कार्ड आले, म्हणजे करण्याच्या जागी विकत घेणे आले.

आमच्या बँकेतही भाषेचा एक दिवस होता. संविधान सभेने १९४९ साली १४ सप्टेंबरला हिंदीविषयीचा निर्णय घेतला, म्हणून त्या तारखेला हिंदी दिवस आणि त्याच्या मागेपुढे पंधरवडा. निबंध, वक्तृत्व, शब्दकोडी, बक्षिसाला स्टीलचा डबा. किती पत्रे हिंदीतून गेली, याचा तिमाही अहवाल. हिंदीशी माझे वैर नाही. प्रेमचंद वाचून मी कथा लिहायला शिकलो. परंतु नव्वदच्या दशकात, कोकणातल्या एका शाखेत, असाच पंधरवडा चालू असताना एक आजी काउंटरवर आल्या. गणपती तोंडावर आले होते. मुलाने पाठवलेले पैसे काढायचे होते. आजी नुकत्याच साक्षरता वर्गात अक्षरे शिकल्या होत्या आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता. अंगठा नको, मी वाचीन आणि सही करीन, असा हट्ट. वरून आलेल्या स्लिपा इंग्रजी-हिंदी होत्या. आजींनी बोट ठेवून एकेक अक्षर लावले, 'आ-ह-र-ण', आणि मान वर करून विचारले, 'सायेब, बँक मला आहेर करते की काय?'

शाखा हसली, आजीही हसल्या. मात्र काउंटरवरचा आमचा कारकून हसता हसता थांबला. वास्तविक खातेदारांच्या वापराचे छापील कागद इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषा अशा तिन्हींत असावेत, ही रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. सूचना दप्तरात होती. त्या कारकुनाने दुपारच्या सुट्टीत एक कोरा कागद घेतला, ठळक अक्षरांत 'पैसे काढायची स्लिप : इथे तुमचे नाव, इथे रक्कम अक्षरी, इथे सही' असा नमुना मराठीत लिहिला आणि खळ लावून काउंटरच्या काचेवर चिकटवला. पुढे आठवडाभरात आणखी दोन नमुने लागले, एक पैसे भरण्याचा आणि एक मनीऑर्डरीसारख्या ड्राफ्टचा. माझी बदली झाली तेव्हा ते कागद पिवळे पडले होते, पण जागेवर होते. त्या पंधरवड्याची बक्षिसे कोणाला मिळाली हे मला आठवत नाही. तो खळीने चिकटवलेला कागद आठवतो. महाडच्या सत्याग्रहाशी त्याची तुलना करण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. तिथे माणसांनी डोकी फोडून घेतली. इथे एका सज्जन माणसाने डबा खाण्याची वीस मिनिटे दिली. पण दोन्हीकडे एक धागा समान आहे. जे कागदावर होते, ते कोणीतरी हाताने खरे केले.

तीनेक वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत तालुक्यातल्या एका शाळेत मी पाहुणा म्हणून गेलो होतो. नेहमीचा साचा टाळण्यासाठी तिथल्या बाईंनी मुलांना एक सोपे काम दिले. पुस्तकात नसलेला, पण घरात बोलला जाणारा एक शब्द प्रत्येकाने सांगायचा आणि फळ्यावर लिहायचा. सुरुवात बिचकत झाली. कोणी 'इरले' आणले, कोणी 'उडवी', कोणी 'आवण'. एका मुलीने आजीकडून 'शिंके' आणले आणि ते काय असते हे सांगताना तिची तारांबळ उडाली, कारण शिंके तिने पाहिलेच नव्हते. मागच्या बाकावर आदिवासी वाडीवरचा, कातकऱ्यांचा एक मुलगा होता. तो वर्गात बोलत नाही, असे बाईंनी मला आधीच सांगितले होते. त्याची पाळी आली तेव्हा तो जागचा उठला नाही. बाईंनी विचारले, 'तुझी आई पावसात बाजारात काय विकते रे?' मुलगा खाली मान घालून म्हणाला, 'भाजी.' 'कुठली भाजी?' आणि मग तो सुरू झाला. शेवळे, टाकळा, भारंगी, कुर्डू, फोडशी, दिंडा, करटोली. बाई लिहीत गेल्या. फळा पुरेना. कुठली पहिल्या पावसाला येते, कुठली खाजरी असते आणि ती कशाबरोबर शिजवायची, तेही त्याने सांगितले. मग त्याने दोन-चार नावे त्यांच्या वाडीवरच्या बोलीतली सांगितली. ती कशी लिहायची हे बाईंनी त्यालाच विचारले. शिक्षक, सरपंच आणि पाहुणा लेखक यांना त्यांतली निम्मी माहीत नव्हती. मुलगा भाषा गौरव दिनाचा अध्यक्ष झाला होता आणि त्याला त्याची कल्पना नव्हती.

त्या दिवशी तिन्ही प्रश्नांची उत्तरे मला एकदम मिळाली. तारण होते, कारण शब्द खरे होते. कोणाच्या तरी पोटापाण्याचे होते. हप्ता प्रत्येकाने भरला, एकेका शब्दाचा. आणि विनियोग असा, की दुसऱ्या दिवशी तो मुलगा वर्गात बोलू लागला, असे बाईंनी मला नंतर कळवले. रोज नाही, पण बोलतो. खर्च विचाराल, तर खडूच्या दोन कांड्या.

हे सगळे मी सांगतो ते हौसेपोटी नव्हे. जिल्हा परिषदेच्या शाळांचा पट रोडावतो आहे, ही काळजी कोकणात जिथे जावे तिथे ऐकू येते. तरुण मुले मुंबई-पनवेलला जातात. त्यांची मुले इंग्रजी शाळेत जातात आणि त्यात त्यांना दोष देण्याचा अधिकार माझ्या पिढीला नाही, कारण आमचीही मुले गेली. पण आजीचे बोलणे समजते आणि आजीचे पत्र वाचता येत नाही, अशी नातवंडे आता घरोघर आहेत. बंद घराचे कुलूप गणपतीत निघते. भाषेचे घर एकदा बंद पडले, तर त्याची किल्ली कोणत्या चाकरमान्याच्या खिशात असणार?

म्हणून सत्तावीस फेब्रुवारी मला हवा आहे. मोठा नको, करण्याजोगा हवा. त्या दिवशी प्रत्येकाने आपल्या भाषेसाठी हाताने एक काम करावे. बँकेत एक धनादेश मराठीत लिहावा. तो चालतो, मी खात्रीने सांगतो, आणि नाही चालला तर का नाही चालला हे शांतपणे विचारावे. नातवंडाला जवळ बसवून जुन्या पत्रांतले एक पत्र वाचायला लावावे. अडखळू द्यावे, मधे बोलू नये. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाकडून हरवत चाललेले पाच शब्द घेऊन वहीत लिहावेत, वस्तूच्या चित्रासह. ज्याची बोली आपल्याला 'अशुद्ध' वाटत आली, त्या आगरी, कोळी, कातकरी किंवा कोकणी मुसलमान शेजाऱ्याला त्याच्या बोलीतली एक गोष्ट सांगायला बोलवावे आणि आपण खाली सतरंजीवर बसावे. यांतले काहीच जमले नाही, तर निदान फलकावरचा 'हार्दीक' दुरुस्त करावा.

शासनाचा निर्णय आहे, तसबीर आहे, तारीख आहे. यांच्याशी माझे भांडण नाही. पाणवठा कागदावर खुला असणेही गरजेचेच असते. पण ओंजळ ज्याची त्यानेच भरायची असते. आमच्या आळीच्या वहीत त्या ढोलवाल्याच्या नावापुढे रकमेचा रकाना कोरा आहे. हिशेब लिहिणाऱ्याने तरीही त्याचे नाव जमेच्या बाजूला लिहिले. मी आयुष्यभर आकडे तपासले; त्या वहीतली ती नोंद मला अजूनही सर्वांत बिनचूक वाटते.